बोटानेच मागते

माणसांना नावाने हाका मारणं हा माझा धंदा आहे. सकाळी नऊला दवाखान्याचं दार उघडतं, पहिली फाईल माझ्या हातात येते आणि तिथून बारापर्यंत मी नुसती हाका मारत असते. ओनिशी-सान, आत या. कामेओका-सान, थेंब घालायचेत, चष्मा काढून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यांत आता पडद्यावर आकडे दाखवतात, कुणाचं नाव चारचौघांत फुटू नये म्हणून. आमच्या डॉक्टरांनीही तसा पडदा आणायचं मनावर घेतलं होतं, पण डोळ्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना पडद्यावरचा आकडा दिसणार कसा, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यामुळे माझी नोकरी राहिली. माझा आवाज खणखणीत आहे, जीभ कधी अडखळत नाही, आणि समोरच्याचं वाक्य तो पुरं करायच्या आत मीच पुरं करून टाकते. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याने सांगितलेल्या कारणांपैकी हे एक होतं. त्याने ते सांगायला सुरुवात केली तेव्हा तेही मीच पुरं केलं होतं.

तर जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला गठ्ठ्यातली पुढची फाईल उचलली, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. फाईलवर ताकेची तोकिको असं नाव होतं. जन्मसाल माझंच. व्यवसायाच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, फळझाडांची रोपवाटिका. ते अक्षर मी चोवीस वर्षांनीही ओळखलं. उभ्या रेघा किंचित डावीकडे कललेल्या, शेवटचा फटकारा घाबरल्यासारखा आखूड. समोर बाकांवर बारा-तेरा माणसं बसलेली, हीटर घुमत होता, कुणाचं तरी नातवंड खिडकीच्या काचेवर बोटाने गिरगटत होतं, आणि मी फाईल हातात धरून तशीच उभी. शेजारची नर्स माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मी काउंटरच्या मागून बाहेर आले, तिसऱ्या बाकापर्यंत चालत गेले आणि वाकून हळूच म्हटलं, "ताकेची-सान, आत चला." तिने मान वर केली. केस कानांमागे सारलेले, उन्हाने रापलेला चेहरा. ती माझ्याकडे बघून अगदी थोडं हसली आणि उठली. मला तिने ओळखलं होतं. दवाखान्याच्या दारावर कर्मचाऱ्यांची नावं लावलेली आहेत, त्यामुळे कदाचित आत शिरतानाच ओळखलं असेल. म्हणजे पाऊण तास ती माझ्यासमोर बसून माझ्या हाका ऐकत होती.

आणि माझ्या पर्समध्ये बुरूलचं पत्र होतं. शनिवारी आलेलं. चार दिवस मी ते घेऊन फिरत होते, ट्राममध्ये काढत होते, घडी मोडून परत घालत होते. बुरूल किरगिझस्तानातल्या नारीन गावची. तिथे ती आता शाळेत शिकवते. माझी चौदाव्या वर्षापासूनची, शाळेने जुळवून दिलेली पत्रमैत्रीण, आणि खरं सांगायचं तर या वयात उरलेली एकमेव मैत्रीण. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. फोनवर बोलायची वेळ आली की मी काहीतरी सबब सांगते. का सांगते, ते पुढे येईलच. ईमेल आले, बाकी सगळी साधनं आली, तरी पत्र कागदावरच लिहायचं हा बुरूलचा हट्ट, आणि त्या हट्टाचा मला केवढा आधार होता हे मलाच माहीत. या वेळच्या पत्रात तिने कळवलं होतं की दोन्हीकडच्या मुलांच्या जुन्या पत्रांमधली आणि हायकूंमधली निवडक घेऊन ती एक लहानसं पुस्तक काढते आहे, मार्चमधल्या नौरूझच्या सणाआधी छापून व्हायला हवं. पहिल्या पानावर तुझा हायकू. खाली तुझं पूर्ण नाव कसं लिहायचं ते नीट कळव, चूक नको. पाकिटात आणखी एक घडी घातलेला कागद होता, वहीतून फाडलेला. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे," बुरूलने लिहिलं होतं, "आयझिरेक. ती वर्गात बोलत नाही. घरी बोलते, वर्गात नाही. तिला मी तुझा हायकू दिला, आणि तिने पहिल्यांदाच आपण होऊन पेन हातात घेतलं. हे तिचं पत्र तुला आहे. मी वाचलेलं नाही. तूच वाच." तो कागद मी उघडला नव्हता. चारही दिवस.

हायकू असा आहे:

हिवाळी ऊन —
बोटानेच मागते
एकच संत्रे

तो माझा नाही. तोकिकोचा आहे.

आमच्या मात्सुयामात मुलांना पाढ्यांइतकंच लवकर हायकूला लावतात. ट्राममध्ये पेट्या, देवळात पेट्या, गरम पाण्याच्या स्नानगृहाबाहेर पेटी. सुचलं की लिहून आत टाका. त्यामुळे कुणाला त्याचं फारसं कौतुक नसतं. पण मियोशी सेन्सेईंना होतं. ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि इंग्रजीपेक्षा हायकूवर जास्त जीव टाकायचे. त्यांचा धाकटा भाऊ स्वयंसेवक म्हणून नारीनला शिकवायला गेलेला, आणि दोघा भावांनी मिळून ही पत्रमैत्री जुळवलेली. प्रत्येकाने एक पत्र इंग्रजीत लिहायचं, सोबत एक हायकू, आपल्या भाषेत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत. नारीनच्या मुलांनी आधीच एक खोकं पाठवलं होतं. त्यात लोकरीच्या रंगीत नमद्याचे, गालिच्यासारखे जाड तुकडे होते, घोड्यांचे फोटो होते आणि पांढऱ्या, खडूसारख्या कडक गोळ्या होत्या. आम्ही दोन दिवस त्या खडूच समजलो. वर्गातल्या निशिओकाने फळ्यावर ओढूनही बघितल्या. मग सेन्सेईंच्या भावाचा निरोप आला की ते वाळवलेलं दही आहे, खा. सगळ्यांनी तोंडात घातलं आणि सगळ्यांनी एकदम तोंडं वाकडी केली. एकट्या तोकिकोने गाल फुगवून ती खारट गोळी शेवटपर्यंत चघळली. मी तेव्हा तिच्याकडे बघत होते. मी तिच्याकडे बरेचदा बघायची. बोलकी माणसं अबोल माणसांकडे बघतात त्यात थोडी कीव असते, थोडी भीतीही. मला वाटायचं की हिच्या आत काहीतरी साठत असणार, आणि माझं मात्र सगळं रोजच्या रोज सांडून जातं.

तोकिकोला बोलताना अडायचं. सगळेच शब्द अडायचे असं नाही, पण काही शब्दांपाशी तिचं तोंड उघडं राहायचं, हनुवटी किंचित वर उचलली जायची आणि शब्द आत कुठेतरी अडकून बसायचा. सगळ्यांत जास्त अडायचं तिचं स्वतःचं नाव. दुसरा शब्द अडला तर त्याऐवजी तिसरा वापरता येतो. नावाला दुसरं नाव नसतं. हे मला त्या वयात कळत नव्हतं. नंतर कळलं, आणि कसं कळलं तीच तर या गोष्टीतली लाजिरवाणी बाब आहे.

नारीनला पाठवायचे हायकू निवडायला सेन्सेईंनी वर्गात रीतसर बैठक घेतली. बैठकीत कवितेवर नाव घालत नाहीत. प्रत्येकाने एकेका चिठ्ठीवर आपला हायकू लिहायचा, चिठ्ठ्या मिसळायच्या, आणि मग ज्यांचं अक्षर चांगलं अशा तीन-चार जणांनी सगळे हायकू कोऱ्या कागदांवर उतरून काढायचे, म्हणजे अक्षरावरून कुणी कुणाला ओळखू नये. ते कागद वर्गात फिरतात, प्रत्येकजण आपल्याला आवडलेले हायकू निवडतो. मग निवडलेला हायकू मोठ्याने वाचला जातो, आणि त्याच क्षणी, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही, ज्याचा असेल त्याने जागेवरून आपलं नाव सांगायचं. एवढंच. माझा असेल तर 'सानाए.' झालं. टाळ्या. सोपी गोष्ट आहे, पहिलीतल्या मुलालाही येते.

उतरून काढणाऱ्यांत मी होते. माझ्या वाट्याला बारा चिठ्ठ्या आल्या. आठवी की नववी चिठ्ठी उघडली आणि त्या डावीकडे कललेल्या रेघा दिसल्या. 'बोटानेच मागते एकच संत्रे.' मी वाचलं, पुन्हा वाचलं. का ते सांगता येणार नाही. मला अर्थ कळला नव्हता, हे शपथेवर सांगते. मला वाटलं, दुकानात लाजणारी कुणी पोर आहे, ऊन पडलंय, संत्री रचलेली आहेत. तेवढंच. पण हे मला का सुचलं नाही, असं वाटलं. माझा हायकू बर्फावर होता, आणि बर्फ आमच्याकडे वर्षातून एकदा पडतो, तोही धड नाही. मी तिचा हायकू कागदावर उतरवला. माझ्या सुंदर अक्षरात तो आणखी चांगला दिसत होता. मी शाई वाळेपर्यंत बघत बसले. चोरी तिथेच झाली असणार, नंतरचं सगळं नुसतं निस्तरणं.

त्या हायकूला वर्गातल्या चौतिसांपैकी एकवीस जणांनी निवडलं. निशिओकाने तो वाचला, जरा नाटकी आवाजात, दोनदा. आणि मग शांतता. बाहेर मैदानावर बेसबॉलचा सराव चालला होता, बॅटचा टक्क आवाज आला. "कुणाचा आहे?" सेन्सेईंनी विचारलं. कुणी बोललं नाही. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. दुकानात बोट दाखवून वस्तू मागणारं आमच्यात दुसरं होतं कोण? सेन्सेईंनाही कळलं असणार. म्हणून तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणी पेन्सिलीला टोक करू लागलं, कुणी रबर खरवडू लागलं. तिच्याकडे कुणीही बघायचं नाही, ही आमची तिच्यावरची माया होती. आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात, दुसऱ्याची फजिती दिसली तर ती दिसली नाही असं करायचं. तेहेतीस मुलं आणि एक मास्तर, सगळे मिळून एका मुलीकडे न बघण्यात गुंतले होते. "कुणाचा?" सेन्सेईंनी पुन्हा विचारलं, आणि त्यांच्या आवाजात विनवणी होती, कुणीतरी यातून सोडवा. आणि मी म्हणाले, "सानाए."

टाळ्या पडल्या. केवढ्या जोरात पडल्या! सगळा वर्ग सुटल्यासारखा टाळ्या वाजवत होता. मागच्या बाकावर तोकिकोही वाजवत असेल, मी वळून बघितलं नाही. मी तिला वाचवलं, असं मी स्वतःला त्याच दुपारी घरी जाताना सांगितलं, आणि मग चोवीस वर्षं सांगत राहिले. जीभ वळवळणाऱ्या माणसाला शांतता सोसवत नाही, यात काय पाप? नंतर जाऊन सेन्सेईंना सांगू, असंही मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तर ते माझ्याकडे बघून इतकं समजूतदार हसले की मी न सांगताच परत फिरले. बोलण्यासारखं काही झालंच नाही, असं ते हसणं होतं.

एप्रिलमध्ये नारीनहून उत्तरं आली. सेन्सेईंनी त्यातलं सगळ्यांत चांगलं पत्र वर्गात वाचून दाखवलं. 'प्रिय सानाए' अशी सुरुवात होती. बुरूल त्या वर्षी नारीनची शाळा सोडून राजधानीत मावशीकडे शिकायला गेली होती, हायकू तिला वर्गाने तिकडे पाठवला होता. तिथल्या दुकानातल्या बाया रशियन बोलायच्या, हिला रशियन येत नसे. 'मीसुद्धा पाव बोटानेच मागते,' तिने लिहिलं होतं. 'त्या हसतात. मला वाटायचं अशी जगात मी एकटीच आहे. तुझा हायकू आला त्या दिवशी मी दोन पाव मागितले, दोन बोटं दाखवून.' वर्ग हसला. खाली तिचाही एक हायकू होता, पाच-सात-पाच अशी अक्षरं मोजलेली नव्हती. पत्राच्या शेवटी प्रश्न होता, 'तू बोट का दाखवतेस? तुझ्या गावात तर सगळे तुझीच भाषा बोलतात ना?'

आता या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? मी आयुष्यात कधी बोट दाखवलेलं नव्हतं. मी तर दुकानदाराच्या बायकोच्या गुडघेदुखीची चौकशी करून मग संत्री घेणारी. पण बुरूलला उत्तर हवं होतं, आणि मला बुरूल हवी होती, हेही खरं. म्हणून मी तोकिकोकडे बघायला लागले, आता निराळ्या कारणाने. ती फोन उचलत नाही, वाजू देते. फराळाच्या दुकानात तिला हवं असतं ते ती मागत नाही, जे म्हणता येतं ते मागते. लांबच्या रस्त्याने घरी जाते, जवळच्या रस्त्यावर बोलघेवडी म्हातारी बसते म्हणून. एक एक करून मी हे सगळं बुरूलला लिहिलं, 'मी' म्हणून. असं लिहिता लिहिताच मला त्या हायकूचा अर्थ लागत गेला. शाळा सुटली, तोकिको दुसऱ्या गावाला गेली, पण पत्रातली सानाए तशीच राहिली, कमी बोलणारी, ऐकून घेणारी, तीन ओळींत सांगणारी. माझ्यापेक्षा पुष्कळच बरी बाई. बुरूलचे वडील गेले तेव्हा तिला चार ओळींचं पत्र गेलं, ते त्या सानाएने लिहिलं होतं. मी लिहिलं असतं तर दहा पानं झाली असती. माझा संसार मोडला तेव्हा मला कवटाळलं ते बुरूलच्या पत्रांनी, पण त्यातही ती लिहायची, 'तुला बोलायला जड जातं, मला माहीत आहे, नको बोलूस.' मी ते वाचून रडले, आणि रडताना मनात येत होतं की ही दुसऱ्याच कुणाची तरी समजूत घालते आहे. आता ती पहिल्या पानावर नाव मागत होती. आणि वर्गात न बोलणारी एक मुलगी, जगात आपल्यासारखी आणखी एक आहे म्हणून, माझ्यासारख्या बडबडीला पत्र लिहीत होती. बुरूलला खरं सांगितलं तर ती तुटणार. नाही सांगितलं तर त्या पोरीला मी काय लिहू? पुन्हा कुणाकडे बघून लिहू?

बाराला दवाखाना बंद झाला, तीनपर्यंत सुट्टी. तोकिको बाहेर पायरीवर उभी होती, हात कपाळावर आडवा धरून. डोळ्यांत थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होतात, ऊन सोसत नाही, जवळचं काही दिसत नाही, चार-पाच तास असं राहतं. रोज शंभर जणांना मी हे सांगते. "ताकेची-सान, अशी एकटी कुठे निघालीस? बसची पाटी तरी वाचता येणारे का? बस जरा, कॉफी घेऊ, ऊन उतरलं की मी पोचवते," असं मी एका दमात बोलून टाकलं. तिने मान डोलावली. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीपासून लांबचं टेबल घेतलं. ऑर्डर घ्यायला मुलगी आली. तोकिकोने तोंड उघडलं, हनुवटी वर गेली, "क… क…"

"कोको ना?" मी म्हटलं. "हिला एक कोको."

तोकिकोने मान हलवली. पोरीकडे बघत राहिली आणि सावकाश म्हणाली, "क… कॉफी. दूध वेगळं."

माझे कान तापले. चोवीस वर्षांनी भेटले आणि पहिल्या दोन मिनिटांत पुन्हा तेच. मी माफी मागितली. ती म्हणाली, "सगळेच करतात. मायेने." मग तिने आपलं सांगितलं, थांबत थांबत, पण लपवत नव्हती. कुठे अडलं तर अडू द्यायची, मग पुढे जायची. ती संत्र्यांची कलमं बांधते. डोळ्यांना ताण येतो, बारीक काम. नवरा ट्रक चालवतो, एक मुलगी आहे, "भ… भयंकर बोलते. तुझ्यासारखी." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, आता नको. हसतोय तेवढं पुरे, ट्राममध्ये बसवून देऊ. आणि असं वाटतानाच मी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं होतं.

"हे तू वाच," मी म्हटलं, आणि मग आठवलं की तिला आज वाचता येणार नाही. म्हणून मीच वाचून दाखवलं. बुरूलचं इंग्रजी वाचायचं आणि आपल्या भाषेत सांगायचं, ओळीमागून ओळ. पुस्तक, पहिलं पान, पूर्ण नाव कळव, आयझिरेक. तोकिको डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी सगळं सांगितलं. फोन न उचलणं, लांबचा रस्ता, फराळाचं दुकान, मी तिच्याकडून काय काय उचललं ते सगळं. एवढं बोलताना मी कधी इतकी अडखळले नव्हते.

"पहिलं पत्रही असंच ऐकलं होतं," ती म्हणाली. "डोळे मिटून. मागच्या बाकावर. ती मुलगी मला विचारत होती, बोट का दाखवतेस. आणि मला उत्तर माहीत होतं. हायकूचं काही नाही ग. त… तो मी दुसरा लिहिला असता. पत्र मला आलं होतं."

मी म्हणाले, "मला वाटलं तुला नाव सांगता येणार नाही. ती शांतता, सगळे खाली बघत होते, मला वाटलं तुला सोडवावं."

तोकिकोने डोळे उघडले. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते, आणि त्यांना मी धूसर दिसत असणार, हे मला बरं वाटलं.

"मी आठवडाभर सराव केला होता," ती म्हणाली. "नदीवर जाऊन. मला माहीत होतं तो निवडला जाणार. चांगला होता. माझं नाव मी सांगणारच होते, सानाए. त्यातलं 'तो' म्हणून झालं होतं. पुढचं यायचं होतं. येत होतं."

दुकानात कुणीतरी खुर्ची सरकवली. ते मी ऐकलं होतं. दोन बाकं मागून, हलका, पण स्वच्छ, 'तो'. मी तो ऐकला आणि त्यानंतर म्हणाले, 'सानाए'. बॅटचा आवाज, रबर खरवडणं, सेन्सेईंची विनवणी, सगळं मी इतकी वर्षं नीट जपून ठेवलं होतं, आणि त्यातला हा एवढा एक आवाज बाजूला काढून ठेवला होता. ती बोलू शकत नव्हती म्हणून काही मी बोलले नव्हते. ती बोलायला लागली म्हणून बोलले. "ऐकलं होतं मी," मी म्हटलं. तोकिकोने मान हलवली. हे तिला माहीत होतं की आत्ता कळलं, ते तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. तिने क्षमा केली नाही, आणि केली नाही असंही दाखवलं नाही. कॉफी संपवली.

"मी बुरूलला सगळं लिहिते," मी म्हटलं. "आजच. पहिल्या पानावर तुझं नाव."

"लिही," ती म्हणाली. "बुरूल तुझी. तिला तू लिही. चोवीस वर्षांची पत्रं तू लिहिलीस, ती काही मी नाही लिहिलेली." मग तिने टेबलावर हात चाचपत पुढे आणला. तिला जवळचं दिसत नव्हतं. बोटं पाकिटाला लागली, त्यावरून पुढे गेली आणि वहीतून फाडलेल्या, घडी घातलेल्या कागदावर येऊन थांबली. "हे माझं."

तिने तो कागद घेऊन कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ती पोर इंग्रजीत लिहिणार, तेही कच्चं, बुरूलच्याच शिकवणीतलं, आणि तसलं इंग्रजी वाचायची मला सवय होती. "वाचून दाखवू?" मी विचारलं. "दोन मिनिटं लागतील. तुला आत्ता दिसणार नाही."

"नको," तोकिको म्हणाली. "स… संध्याकाळपर्यंत दिसायला लागेल. माझं मी वाचेन."

ट्रामपर्यंत येऊ नकोस म्हणाली. दाराशी जाऊन क्षणभर उन्हात थांबली, हात कपाळावर धरला आणि भिंतीच्या कडेकडेने सावलीतून हळूहळू निघून गेली. मी तिथेच बसले. तीनला दवाखाना उघडायचा होता, दोन वाजले होते. दुकानातल्या मुलीकडून कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. तारीख घातली. 'प्रिय बुरूल' लिहिलं. पत्रातल्या सानाएला अशा वेळी काय लिहावं ते बरोबर सुचलं असतं. मला सुचेना. बऱ्याच वेळाने मी लिहिलं: 'तुला माहीत नाही, पण मी फार बोलते.'